आपले पेरॉक्साइड आपणच बनवणारे खनिज: स्टुडटाइट

युरेनियमची पिवळी खनिजे पुष्कळ आहेत आणि नुसत्या डोळ्यांनी ती वेगळी ओळखणे जाणकारांनाही जड जाते. स्टुडटाइट त्यांतलेच एक. फिकट पिवळ्या, कधी जवळजवळ पांढऱ्या, केसासारख्या बारीक सुयांचे हे पुंजके सहज वाकतात आणि नखाने ओरखडले जातात. घनता साधारण ३.६, वजनाच्या सुमारे ६४ टक्के युरेनियम. वेगळेपण आहे ते रचनेत. जखम धुण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये असते तशी ऑक्सिजनच्या दोन अणूंची जोडी या स्फटिकात बसलेली असते. पेरॉक्साइड असलेली नैसर्गिक खनिजे दोनच माहीत आहेत: स्टुडटाइट आणि त्यातले काही पाणी गेले की होणारे मेटास्टुडटाइट.

१९४७ साली खनिजशास्त्रज्ञ व्हाएस यांनी कटांगातल्या शिंकोलोब्वे खाणीतल्या नमुन्यावरून त्याचे वर्णन केले. ही खाण आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकात आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अणुबाँब बनवण्यासाठी राबवलेल्या मॅनहॅटन प्रकल्पातले बरेचसे युरेनियम तिथलेच. व्हाएस यांना ते कार्बोनेट वाटले होते. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या मेन्झेनश्वांडचे नमुने तपासून वालेंटा यांनी १९७४ मध्ये ते पेरॉक्साइड असल्याचे दाखवले. चूक समजण्यासारखी आहे; खडकात पेरॉक्साइड शोधायला कोण जाईल?

मग ते आले कुठून? युरेनियम-२३८ मधून बाहेर पडणाऱ्या अल्फा कणाची ऊर्जा ४.२ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. पाण्यात तो मिलिमीटरच्या काही शतांश अंतरातच थांबतो, आणि तेवढ्या वाटेत पाण्याच्या असंख्य रेणूंचे तुकडे करतो. त्यांतली हायड्रॉक्सिल मूलके दोन-दोन जुळली की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. जुन्या धातुकात तर युरेनियमची सगळी वंशावळ, म्हणजे त्याच्या ऱ्हासातून बनत जाणारी मूलद्रव्ये, हजर असते. शिसे होईपर्यंत त्या साखळीत आठ अल्फा कण सुटतात, म्हणून दगडाला चिकटलेल्या पाण्याच्या थराला पेरॉक्साइडचा सतत पुरवठा होतो. पाण्यात विरघळलेले युरेनिल आयन (युरेनियमच्या एका अणूला ऑक्सिजनचे दोन अणू जोडलेले) त्याच्याशी जुळले की स्टुडटाइटच्या सुया वाढू लागतात.

इतके सोपे असूनही ते दुर्मीळ का? पाणी वाहते असले की पेरॉक्साइड साठत नाही. पाण्यात कार्बोनेट भरपूर असले तर ते युरेनिलला धरून ठेवते. सिलिका असली तर युरेनोफेनसारखी सिलिकेटे बाजी मारतात. युरेनियमने संपन्न धातुक आणि त्याला बिलगून राहिलेले, फार काही न विरघळलेले पाणी, असा योग क्वचितच जुळतो.

ओळख पटवताना घोळ होतो तो पाण्यामुळे. नमुना ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापला किंवा निर्वातात गेला की स्फटिकजल सुटून मेटास्टुडटाइट होते, आणि नंतर पाणी दिले तरी ते मागे फिरत नाही. निर्वातात चालणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेला स्टुडटाइट म्हणूनच स्टुडटाइट राहीलच असे नाही. लेसरचा प्रकाश नमुन्यावरून विखुरून मिळणाऱ्या रामन वर्णपटात ८६५ सेंटिमीटर⁻¹ च्या जवळ पेरॉक्साइडची खूण दिसते, पण लेसरची शक्ती कमी ठेवावी लागते. नाहीतर तोच नमुना भाजतो. सुया मोडून धूळ श्वासात जाणे हा खरा धोका. ब्रशने झाडू नये, बंद डबीतूनच पाहावे.

अणुऊर्जेत काम करणाऱ्यांना हे खनिज खाणीबाहेर भेटते. वापरलेले इंधन शुद्ध पाण्यात सुमारे दोन वर्षे ठेवलेल्या प्रयोगात त्यावर स्टुडटाइट आणि मेटास्टुडटाइट दोन्ही उगवले. चेर्नोबिलमध्ये वितळून थिजलेल्या इंधनमिश्रित लाव्ह्यावरही ते आढळले आहे.

युरेनियमच्या काही कारखान्यांत तर द्रावणात हायड्रोजन पेरॉक्साइड घालून हाच पदार्थ मुद्दाम साक्याच्या रूपात काढतात. तो वाळवताना २०० अंशांच्या पुढे मेटास्टुडटाइट मोडते आणि स्फटिकरूप नसलेले, जादा ऑक्सिजन बाळगणारे ऑक्साइड उरते. त्याला ओल लागली की तो ऑक्सिजन वायू होऊन सुटतो. गरम माल लगेच ड्रममध्ये भरून झाकण घट्ट केले, तर आत दाब वाढून ड्रम फुगतो, झाकण उडूही शकते. त्यामुळे भरलेले ड्रम काही तास उघडे ठेवून मगच बंद करतात.