शॉर्ट-चेन पॉलिमर आणि तापमान

एकच तुकडा परत परत जोडत गेलं की साखळी होते, तो पॉलिमर. कड्या मोजक्याच असतील तर त्याला शॉर्ट-चेन पॉलिमर किंवा ऑलिगोमर म्हणतात. मलमांमध्ये वापरतात ते पॉलिएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे लॅबवाल्यांचं पेग, हे नेहमीचं उदाहरण. मेणबत्तीच्या पॅराफिनला काटेकोरपणे कोणी पॉलिमर म्हणत नाही, पण पॉलिथिनच्या पिशवीतली साखळी आणि ही एकाच जातीची, फरक लांबीचा, त्यामुळे तापमानाचा खेळ समजून घ्यायला मेणच बरं.

साखळी जितकी छोटी तितकं लवकर वितळतं. १८ कार्बनची साखळी २८ अंशांना वितळते, २० ची ३७ ला, ३० ची ६६ च्या आसपास, ६० ची १०० च्या आसपास आणि पिशवीचं कडक जातीचं पॉलिथिन (एचडीपीई) साधारण १३० ला. म्हणजे आकडा आधी भराभर चढतो आणि मग १४० च्या जवळपास अडकतोच, कितीही लांब करा. कारण टोकं. मधल्या कड्या शेजारच्या साखळ्यांना चिकटून शिस्तीत बसतात, टोकं मात्र सैल वळवळतात, आणि साखळी छोटी असली की टोकांचंच प्रमाण जास्त. जे पॉलिमर स्फटिक न होता काचेसारखे गोठतात त्यांचंही हेच, फॉक्स आणि फ्लोरी या रसायनशास्त्रज्ञांनी १९५० मध्ये पॉलिस्टायरीनवर (थर्माकोलचं प्लास्टिक) ते दाखवलं: लांब साखळीचं पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतं, छोट्या साखळीचं त्याच्या बऱ्याच खाली.

वितळण्याआधीच एक मधली अवस्था येते आणि ती बऱ्याच जणांना माहीत नसते. साखळ्या रांगेत उभ्याच राहतात पण स्वतःभोवती फिरायला लागतात, त्यामुळे मेण घनच असतं पण दाबलं की वाकतं. वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरं विकायला असतात, उन्हात ठेवलेली मेणबत्ती थेंबभरही न वितळता मान टाकते ती यामुळेच.

सगळ्यात मजेशीर भाग थंड करताना येतो. लांब साखळी स्फटिकात घडी घालून बसते, छोटी सरळ उभी राहते. ही घडी कुठून सुरू होते ते १९८५ साली नेमक्या लांबीच्या साखळ्या बनवून तपासलं तर १०२ कार्बनपर्यंत घडी नाही, १५० ला आहे. पुढे १९८ आणि २४६ कार्बनवाल्यांमध्ये अजबच दिसलं, जास्त थंड केलं की स्फटिक वाढायचा वेग वाढायच्या ऐवजी एका टप्प्यावर पार घसरतो आणि अजून थंड केलं की परत वाढतो. घडी घातलेल्या साखळ्या येऊन चुकीच्या जागी बसतात आणि सरळवाल्यांची वाट अडवतात, गर्दीच्या लोकलमध्ये दारातच उभे राहणारे असतात ना, तसं.

मुंबईत याचा रोजचा संबंध पेगशी येतो. पेगपुढचा आकडा म्हणजे सरासरी रेणुभार, आकडा मोठा तितकी साखळी लांब. पेग ४०० इथल्या हवेत कधी गोठत नाही, पेग ४००० मे महिन्यातही कडक राहतं, गोची पेग ६०० ची, ते २० अंशांच्या आसपास गोठतं. शहराची थंडी नावालाच असते, पण लॅबमधला एसी १८ वर लावला की बाटली सकाळी दुधाळ होऊन बसलेली. पेग १००० चा वितळणबिंदू ३७ च्या आसपास, म्हणजे शरीराच्या तापमानाजवळ, आणि शरीरात विरघळणाऱ्या औषधांच्या वड्यांमध्ये (सपोझिटरी) ते वापरतात.

बाजारातल्या कुठल्याही पेगमध्ये वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्या मिसळलेल्या असतात, त्यामुळे एक ठराविक वितळणबिंदू नसतो, पट्टा असतो, आणि गोठताना लांब साखळ्या आधी बसतात. पेगच्या अर्धवट गोठलेल्या ड्रममधून वरचा पातळ भाग काढून सॅम्पल तपासणीला पाठवलं तर त्यात छोट्याच साखळ्या जास्त येतात आणि रिपोर्टमध्ये रेणुभार कमी दिसतो. आधी ड्रम गरम करून सगळं वितळवायचं, नीट ढवळायचं, मगच काढायचं.