क्यूबा एकजूट चळवळ

क्यूबा हा कॅरिबियन समुद्रातला छोटा देश, क्षेत्रफळ साधारण १ लाख १० हजार चौरस किलोमीटर म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाच्या आसपास, लोकसंख्या कोटीच्या घरात आणि तीही हल्ली घटत चाललीय. या देशावर अमेरिकेने १९६० पासून टप्प्याटप्प्याने आर्थिक निर्बंध लादले आणि त्याच्या जोडीला जागतिक व्यासपीठांवर क्यूबाच्या निषेधाचे ठराव आणायला सुरुवात केली. या दोन्ही गोष्टींना विरोध करणारे जे गट क्यूबाच्या बाहेर, म्हणजे युरोप, लॅटिन अमेरिका, भारत आणि खुद्द अमेरिकेतही उभे राहिले, त्यांना मिळून क्यूबा एकजूट चळवळ म्हणतात. चळवळ म्हटलं तरी ही एक संघटना नाही, कितीतरी सुटे गट आहेत, कुठे कम्युनिस्ट पक्षाची माणसं, कुठे कामगार संघटना, कुठे चर्चचे पाद्री, कुठे नुसते सालसा नाचायला गेले आणि प्रेमात पडून परतले असे लोक.

आपल्याकडच्या माणसाला हे समजवायचं तर वाळीत टाकण्याचं उदाहरण जवळचं. गावकीने एखाद्या घराशी रोटीबेटी, बोलणंचालणं बंद करायचं ठरवलं की त्या घराचं नुकसान पैशाचं तर होतंच पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे "याचं काहीतरी चुकलंय" असा शिक्का बसतो. निषेध ठराव हा शिक्क्याचा भाग, निर्बंध हा पाणी तोडण्याचा भाग. आणि एकजूट गट म्हणजे गावकीचं न ऐकता त्या घरी उघडपणे चहाला जाणारे लोक. आता त्या घरातही भांडणं आहेत, घरधनी पोरांना मारतो अशी कुजबुज आहे, चहाला जाणाऱ्याने त्यावर बोलायचं की नाही, हा प्रश्न या चळवळीला पहिल्यापासून चिकटलेला आहे.

शब्दावरूनच भांडण सुरू होतं. अमेरिका याला निर्बंध म्हणते, क्यूबा आणि त्याचे मित्र "ब्लोकेओ" म्हणजे नाकेबंदी म्हणतात. अमेरिकेचं म्हणणं असं की आम्ही आमचा व्यापार बंद केला, बाकीच्यांनी खुशाल करावा. मित्रगटांचं म्हणणं की १९९२ चा टॉरिचेली कायदा आणि १९९६ चा हेल्म्स-बर्टन कायदा तिसऱ्या देशातल्या कंपन्यांना आणि जहाजांनाही दम देतो, क्यूबाच्या बंदरात थांबलेलं जहाज नंतर १८० दिवस अमेरिकेच्या बंदरात माल चढवायला-उतरवायला येऊ शकत नाही, मग ही नाकेबंदी नाही तर काय. एखादा माणूस कुठला शब्द वापरतो त्यावरून तो कुठल्या बाजूचा ते बहुतेक वेळा पहिल्या वाक्यातच कळतं.

सुरुवात अमेरिकेतच झाली हे गंमतीचं. एप्रिल १९६० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये पूर्ण पानाची जाहिरात देऊन फेअर प्ले फॉर क्यूबा कमिटी सुरू झाली, त्यामागे रॉबर्ट टेबर नावाचा टीव्ही पत्रकार होता, म्हणणं एवढंच की क्यूबाबद्दल बातम्या एकतर्फी येतायत, न्यायाने वागा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये क्यूबाचे नेते फिडेल कास्त्रो संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीला न्यूयॉर्कला आले, हॉटेलवाल्याशी वाजलं म्हणून सामान उचलून हार्लेमच्या हॉटेल तेरेसामध्ये गेले, तिथे काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे माल्कम एक्स भेटायला आले आणि आपले पंडित नेहरूही गेले. कमिटीचा शेवट मात्र वाईट झाला. न्यू ऑर्लिन्समध्ये तिच्या नावाने एकट्यानेच शाखा काढून पत्रकं वाटणारा माणूस म्हणजे ली हार्वे ऑस्वाल्ड, आणि नोव्हेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हत्येत तोच पकडला गेल्यावर कमिटी महिनाभरात बंद पडली.

तोपर्यंत क्यूबाला पंगतीतून उठवून झालं होतं. जानेवारी १९६२ मध्ये उरुग्वेच्या पुंता देल एस्ते इथे अमेरिका खंडातल्या देशांच्या संघटनेने क्यूबाला बाहेर काढलं, फेब्रुवारीत केनेडींनी व्यापारबंदी पूर्ण केली, १९६४ मध्ये संघटनेने सगळ्या सदस्यांना संबंध तोडायला सांगितलं आणि लॅटिन अमेरिकेत एकट्या मेक्सिकोने ऐकलं नाही. (हकालपट्टीचा ठराव २००९ मध्ये रद्द झाला, पण क्यूबा परत गेला नाही.)

हवानाच्या बाजूने हे सगळं सांभाळायला ३० डिसेंबर १९६० रोजी एक सरकारी संस्था काढली गेली, लोकांशी मैत्रीची क्यूबन संस्था, स्पॅनिश आद्याक्षरांवरून तिला इकाप म्हणतात. बाहेरचे गट स्वतंत्र असले तरी पाहुण्यांची सोय, कार्यक्रम, व्याख्याते सगळं इकापच बघते, त्यामुळे स्वतंत्र म्हणजे किती स्वतंत्र हा टीकाकारांचा आवडता प्रश्न. १९६९ मध्ये अमेरिकन तरुणांची वेन्सेरेमोस ब्रिगेड निघाली, नावाचा अर्थ "आम्ही जिंकू". ही पोरं ऊस तोडायला गेली, कारण १९७० च्या हंगामात १ कोटी टन साखर काढायचं लक्ष्य होतं. झाली साधारण ८५ लाख टन आणि त्यासाठी बाकीची शेती-उद्योग सगळं वाऱ्यावर सोडलं, कास्त्रोंनी अपयश जाहीर कबूल केलं. ऊसतोड म्हणजे काय चीज आहे ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको, कॉलेजातून थेट कोयता हातात घेतलेल्यांनी किती टनेज पाडलं असेल ते आपण समजू शकतो. पण त्या ब्रिगेडची पद्धत टिकली. हवानाजवळ काइमितोला हुलिओ आंतोनिओ मेया नावाचा कॅम्प आहे, तिथे अजून युरोपातून वगैरे ब्रिगेडी येतात, सकाळी शेतात निंदणी-खुरपणी, दुपारनंतर व्याख्यानं आणि दवाखाना-शाळा भेटी, रात्री रम.

निषेध ठरावांची खरी लढाई जिनिव्हात झाली, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगात. रेगन सरकारने १९८८ मध्ये तिथे राजदूत म्हणून आर्मान्दो व्हायादारेस यांना पाठवलं, हे क्यूबाच्या तुरुंगात २२ वर्षं काढलेले गृहस्थ, म्हणजे ठराव मांडणारा माणूसच पुरावा. १९९० पासून जवळजवळ दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये ठराव यायचा. आयोगात ५३ देश, त्यामुळे एकेका मतासाठी ओढाताण. १९९८ मध्ये ठराव चक्क पडला, बाजूने १६, विरोधात १९, तटस्थ १८. पुढच्या वर्षी अमेरिकेने स्वतः मागे राहून चेक प्रजासत्ताकाला पुढे केलं आणि ठराव २१ विरुद्ध २० ने पास झाला. २००२ मध्ये उरुग्वे, २००४ मध्ये होंडुरास, असा दरवेळी कुणीतरी दुसरा मांडणार, आणि क्यूबा म्हणणार की हात यांचा पण लेखणी वॉशिंग्टनची. २००४ चा निकाल २२ विरुद्ध २१, भारताचं मत विरोधात. त्या मतदानानंतर बाहेर क्यूबाच्या शिष्टमंडळातल्या एकाने कास्त्रोविरोधी संघटनेच्या कार्यकर्त्याला ठोसा मारला, मित्रगटांना यावर काय बोलावं ते सुचेना.

या काळात एकजूट गटांचं काम म्हणजे भाषणं कमी आणि कारकुनी जास्त. आपल्या देशाच्या परराष्ट्रमंत्र्याला पत्रं, खासदारांच्या सह्या, ठरावाच्या दिवशी दूतावासासमोर पन्नास-साठ माणसं, वर्तमानपत्रात वाचकांचा पत्रव्यवहार. त्यांचा मुख्य मुद्दा निवडकपणाचा होता. क्यूबावर दरवर्षी ठराव मग क्यूबाच्याच जमिनीवर अमेरिकेने ग्वांतानामोच्या लष्करी तळावर खटल्याशिवाय ठेवलेल्या कैद्यांचं काय? २००५ मध्ये क्यूबाने तोच ठराव मांडला आणि तो ८ विरुद्ध २२ मतांनी आपटला, २३ देश गप्प बसले. माझ्या मते या मित्रगटांना आयुष्यात मिळालेला हा सगळ्यात धारदार युक्तिवाद. पुढच्याच वर्षी आयोग बरखास्त होऊन मानवाधिकार परिषद आली, क्यूबा तिच्यावर १३५ मतांनी निवडून आला आणि क्यूबासाठी नेमलेली विशेष प्रतिनिधीची जागा २००७ मध्ये बंद झाली.

मग निवडकपणाचा मुद्दा धारदार असला तरी तो सगळं झाकतो का, तर नाही, आणि हे २००३ मध्ये सगळ्यात जास्त दिसलं. मार्चमध्ये ७५ विरोधक, पत्रकार, ग्रंथालयवाले पकडले गेले आणि लांबलचक शिक्षा झाल्या, एप्रिलमध्ये फेरीबोट पळवणाऱ्या तिघांना झटपट खटला चालवून गोळ्या घातल्या. जन्मभर क्यूबाच्या बाजूने उभे राहिलेले पोर्तुगीज लेखक जुझे सारामागु यांनी मी इथवरच बरोबर होतो असं जाहीर लिहिलं. उरुग्वेचे लेखक एदुआर्दो गालेआनो यांनीही दुखावून लिहिलं. दुसऱ्या बाजूला "जगाच्या सदसद्विवेकाला" असं आवाहन निघालं, त्यावर गाब्रिएल गार्सिया मार्केस, नादिन गॉर्डिमर, रिगोबेर्ता मेंचू अशा नोबेलवाल्यांच्या सह्या होत्या, आणि त्यात क्यूबाच्या सरकारचं कौतुक नव्हतं, मुद्दा एवढाच की इराक नुकतंच बुडवलंय, आता निषेधाच्या आडून क्यूबावर हल्ल्याचं निमित्त तयार करू नका. निषेधाला विरोध करणं आणि सरकारला पाठिंबा देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या आवाहनाला जमलं, बऱ्याच गटांना ते कधीच जमलं नाही.

२०१० मध्ये तोच प्रसंग पुन्हा. ओर्लान्दो सापाता तामायो हा कैदी उपोषणात २३ फेब्रुवारीला मेला, ११ मार्चला युरोपियन संसदेने ५०९ विरुद्ध ३० मतांनी क्यूबाचा निषेध केला. युरोपातल्या गटांनी पत्रकं काढली, ढोंगीपणाचा आरोप केला, काहींनी मेलेला माणूस राजकीय कैदी नव्हताच, साधा गुन्हेगार होता अशी हवानाची लाइनच उचलली, जे मला तरी वाचवत नाही. शेवटी जुलैमध्ये हवानाचे कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल हाइमे ओर्तेगा आणि स्पेनच्या मध्यस्थीने ५२ कैदी सुटायचं ठरलं. ते ना निषेधवाल्यांनी घडवलं ना मित्रांनी, दोघांनीही श्रेय मात्र आपल्याकडे ओढून घेतलं.

ठरावाला ठरावाने उत्तर देण्याचा मार्गही होता आणि तिथे क्यूबा जिंकत आला. १९९२ पासून न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत निर्बंध उठवण्याचा ठराव जवळजवळ दरवर्षी येतो. पहिल्या वर्षी बाजूने ५९, विरोधात ३, तटस्थ ७१. २०१६ मध्ये १९१ बाजूने आणि विरोधात कुणीच नाही, कारण ओबामा सरकार स्वतः तटस्थ बसलं. हा ठराव बंधनकारक नाही, त्यामुळे एक डॉलरचाही निर्बंध त्याने हलला नाही.

वस्तूंची मदत हा चळवळीचा दुसरा पाय. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्यूबाची अर्थव्यवस्था एक तृतीयांशाने आक्रसली, लोक सायकलवर आले, ताटातलं कमी झालं. १९९२ मध्ये भारतात मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने हरकिशनसिंग सुरजित यांच्या पुढाकाराने १० हजार टन गहू गोळा केला, नरसिंह राव सरकारने तेवढाच स्वतःचा घातला आणि कॅरिबियन प्रिन्सेस नावाच्या जहाजाने तो हवानाला गेला. खुल्या बाजारपेठेचं धोरण आणणाऱ्या सरकारने हे केलं, हे आज सांगितलं तर लोक चमकतात.

त्याच वर्षी अमेरिकेत ल्युशियस वॉकर या बॅप्टिस्ट पाद्र्यांच्या पास्टर्स फॉर पीसने औषधं, सायकली, दुधाची भुकटी घेऊन गाड्यांचा काफिला मेक्सिकोमार्गे क्यूबाला नेला. सरकारी परवाना मागितला असता तर कदाचित मिळालाही असता, पण उपाशी शेजाऱ्याला भाकरी द्यायला परवाना कसला म्हणून त्यांनी तो मुद्दाम मागितला नाही. १९९३ मध्ये टेक्सासच्या लारेडो नाक्यावर कस्टमवाल्यांनी काफिल्यातली एक छोटी पिवळी स्कूलबस अडवली, आतले लोक उतरेनात, उन्हात बसमध्येच उपोषणाला बसले. २३ दिवसांनी सरकारने बस सोडली आणि ती हवानाला पोचली. अडवण्याचं कारण अधिकाऱ्यांनी असं दिलं होतं की क्यूबाचं लष्कर तिचा वापर करील, शाळेची बस!

हे काफिले नंतरही दरवर्षी निघत राहिले, वॉकर २०१० मध्ये वारले तरी थांबले नाहीत. जर्मनीत क्यूबा सी हा गट क्यूबन मुलांच्या दुधासाठी प्रकल्प चालवतो. २०२१ मध्ये क्यूबाने स्वतःच्या लसी तयार केल्या पण टोचायला सिरिंज कमी, तेव्हा अमेरिकेतल्या गटांनी वर्गणी काढून लाखो सिरिंज पाठवल्या. त्याच जुलैमध्ये क्यूबाभर लोक रस्त्यावर उतरले, शेकडोंना शिक्षा झाल्या, युरोपियन संसदेने पुन्हा ठराव केले आणि मित्रगटांची पत्रकं पुन्हा जुन्याच शब्दांत निघाली, फक्त यावेळी हवानातली तरुण पोरं फोनवर त्यांना उलट विचारत होती की तुम्ही नक्की कुणाशी एकजूट करताय.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आंतोनिओ गितेरास वीजकेंद्र बंद पडून अख्खा देश अंधारात गेला, तेव्हापासून गटांच्या यादीत औषधांच्या बरोबरीने सोलर पॅनेल आलेत. २०२५ च्या आमसभेत निर्बंधांविरुद्धच्या ठरावावर क्यूबाची मतं आदल्या वर्षीच्या १८७ वरून १६५ वर आली, विरोधात ७, तटस्थ १२.