पोलादी पिना पितळ का खात नाहीत?

नेमबाजांच्या गप्पांत एक समज हटकून ऐकू येतो. काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्या साफ करायला स्टेनलेस स्टीलच्या पिनांबरोबर पाण्याच्या पिंपात घुसळल्या तर पितळ झिजतं, कारण स्टील कडक आणि पितळ मऊ. शाळेत कठीणतेची मापनश्रेणी शिकलेल्या कोणालाही हे पटेल. मऊ वस्तूवर कडक वस्तू ओरखडा काढते, इतकं तर आपण घोकलेलंच असतं. तरी पिना पितळ खात नाहीत, आणि त्याचं कारण कठीणतेच्या तक्त्यात सापडत नाही.

आधी पार्श्वभूमी. मोठ्या रायफल-पिस्तुलाच्या काडतुसाची पुंगळी साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त अशा पितळेची असते. बार उडाला की ती फुगून नळीच्या भिंतीला घट्ट बसते, वायू मागे येऊ देत नाही आणि दाब उतरताच किंचित आकसून सुटते. ही लवचीकता शाबूत असते म्हणून पुंगळी पुन्हा भरून वापरता येते. अमेरिकेत असं घरी भरणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि पुंगळ्या घासायला काय वापरावं यावर तिथे वर्षानुवर्षं वाद चालू आहेत. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं, पण त्या रायफलच्या पॉइंट टू-टू (0.22 इंची) काडतुसाला हा वाद लागूच होत नाही. त्याचं ठिणगी देणारं रसायन पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं. एकदा उडालेली पुंगळी थेट भंगारात जाते.

आता पिनांकडे. नेहमीची पिन 1.2 मिलिमीटर जाड आणि साडेसहा मिलिमीटर लांब. स्टीलची घनता धरून हिशेब केला तर तिचं वजन 0.06 ग्रॅमच्या आत येतं. मध्यम रायफलची पुंगळी सहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पिनेच्या शंभरपट. धातूवर खड्डा पडायला ऊर्जा लागते, आणि खड्ड्याचं आकारमान म्हणजे ढोबळमानाने आदळण्याची ऊर्जा भागिले धातूची कठीणता. पिंपाच्या भिंतीचा वेग सेकंदाला 40 सेंटिमीटर धरला तर पिनेची गतिज ऊर्जा ज्यूलच्या दहालाखाव्या भागात मोजावी लागते, जेमतेम चार-पाच. तिची टोकं गोलसर असतील तर खड्ड्याची खोली भरते एखादा मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी. शिवाय तो धातू खरवडून निघत नाही, नुसता बाजूला दबतो. कानस पितळ खाते कारण तिला धारदार दाते असतात आणि मागून हाताचा जोर असतो. पाण्यात सुटी वाहत येणारी पिन आदळते आणि परत फिरते. तिच्या माराने काजळी उडते, पितळेचे उंचवटे चेपले जातात आणि पृष्ठभाग चकाकतो.

मग पुंगळ्यांच्या तोंडाच्या कडा ठोकल्यासारख्या चपट्या होतात, त्या कशाने? पुंगळीवर पुंगळी आदळल्याने. त्याच वेगाला शंभरपट वजन म्हणजे शंभरपट ऊर्जा, आणि ती झेलणारी तोंडाची कड फक्त 0.3 मिलिमीटरची! गुन्हेगार कडक पिन नाही, शेजारची मऊ पुंगळी आहे. म्हणून पिना कमी आणि पुंगळ्या जास्त भरणं हीच खरी चूक. अमेरिकेतलं रूढ प्रमाण आहे पाच पौंड पिना, दोन पौंड पुंगळ्या आणि एक गॅलन पाणी. आपल्या मापात सव्वादोन किलो, नऊशे ग्रॅम आणि पावणेचार लिटर. सव्वादोन किलोत सुमारे 40 हजार पिना बसतात. पुंगळ्यांमध्ये त्यांची गादी तयार होते.

इथे मला सर्वांत आवडणारी गोष्ट येते, ती म्हणजे पिंपाच्या आत नेमकं काय हलतं. आडवं पिंप हळू फिरवलं तर आतला सगळा माल घुसळला जातो असं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक माल पिंपाबरोबर एकसंध गोळ्यासारखा वर चढतो, कणांची आपसात काहीच हालचाल नसते. तिरप्या पृष्ठभागावरचा एक पातळ थर तेवढा खाली वाहतो. सगळं घासकाम त्या थरात होतं. एखादी पुंगळी तिथे येते, क्षणभर घासली जाते आणि पुन्हा गोळ्यात गाडली जाते. दोन-तीन तास लागतात ते यामुळे. मग वेग वाढवून काम उरकावं? वेग वाढवला की थर आधी उधळू लागतो, पुंगळ्या हवेतून आपटतात आणि शेवटी माल भिंतीला चिकटून फिरत राहतो. गुरुत्वाकर्षण आणि केंद्राभिमुख त्वरण समान होतात तो हा वेग, मिनिटाला 42.3 भागिले व्यासाच्या मीटरमधल्या आकड्याचं वर्गमूळ. 20 सेंटिमीटरच्या पिंपासाठी 95 फेरे. त्या वेगाला घासणं शून्य. टंबलर, म्हणजे हे फिरतं पिंप, याच्या बरेच खाली चालवतात आणि ते तसंच हवं.

कोरड्या पद्धतीत पिंपाऐवजी थरथरणारं भांडं असतं आणि त्यात अक्रोडाच्या टरफलांची किंवा दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाची भरड. या मालाला टंबलिंग मीडिया म्हणतात. अक्रोडाचे तुकडे टोकेरी असतात, ते काळपटपणा लवकर काढतात. मका सच्छिद्र असतो, तेल शोषतो आणि जास्त चकाकी देतो, पण जाड घाण त्याला आवरत नाही. खरी चकाकी भरडीवर चोळलेल्या पॉलिशमधल्या बारीक लोहऑक्साइडची किंवा ॲल्युमिनाची असते. त्यामुळे रंगीत डब्यातल्या महागड्या ‘खास’ भरडीला भुलू नये. दाण्याचा आकार मात्र पाहावा. पुंगळीच्या बुडातलं भोक दोन मिलिमीटरचं असतं, अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची भरड त्यातून सहज गळते. 1.2 ची पिनही जाते, पण दोन पिना एकदम घुसल्या तर बेरीज 2.4 होते आणि दोघी तिथेच अडकतात. पॉइंट टू-टू-थ्री या रायफल-काडतुसाच्या मानेत, म्हणजे तोंडाजवळच्या अरुंद भागात, साडेसहा मिलिमीटरची पिन आडवी अडकून बसते, कारण मानेचा आतला व्यास त्याहून कमी. अशा पुंगळीत एकेक डोकावून पाहण्याला पर्याय नाही.

कोरड्या भरडीचा मोठा तोटा धूळ. बहुतेक प्रायमरमध्ये, म्हणजे ठिणगी देणाऱ्या रसायनात, शिशाचं संयुग असतं, बारानंतर त्याची राख पुंगळीत उरते आणि भरडीच्या धुळीत मिसळते. ती चाळणी घरात, लहान मुलांच्या आसपास उडवू नये. ओल्या पद्धतीत धूळ नाही, पण तेच शिसं पाण्यात येतं. ते पाणी स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये ओतू नये.

ओल्या पिंपात भांड्याच्या साबणाबरोबर चिमूट-पाव चमचा सायट्रिक आम्ल घालतात. आजी पितळेची घागर चिंचेने घासायची त्यामागचं रसायन हेच. आम्ल तांब्याचे ऑक्साइड विरघळवतं. चिंचेत ‘सात्त्विक ऊर्जा’ शोधणाऱ्यांनी पुंगळ्या पाहाव्यात. प्रमाण वाढलं तर जस्त आधी निघून जातं, विरघळलेलं तांबं पुन्हा पृष्ठभागावर बसतं आणि पुंगळी गुलाबी दिसू लागते. ही छटा वरवरची असते, पण आम्ल जास्त झाल्याची खूण समजावी.

अमोनिया असलेलं पितळ-पॉलिश मात्र पुंगळीला लावूच नये, आणि या धड्याचा उगम आपल्याच देशातला. ब्रिटिश फौजेच्या हिंदुस्थानातल्या ठाण्यांवर पावसाळ्यात काडतुसं तबेल्यात ठेवत. पावसाळा संपल्यावर पुंगळ्या तडकलेल्या निघत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी ओढून घडवताना धातूत राहिलेला ताण, तिन्ही एकत्र आले की भेगा पितळेच्या स्फटिककणांच्या सीमांवरून आत सरकतात. 1921 मध्ये ब्रिटिश धातुशास्त्रज्ञांनी याचा उलगडा केला. उपाय म्हणून पुंगळ्या बेताच्या उष्णतेने तापवून तो ताण उतरवू लागले. वरून लखलखणारी पुंगळी आतून तडकलेली असू शकते. चकाकीवरून बळकटी ठरवणं म्हणजे भगवे कपडे बघून माणूस ओळखण्यासारखं.

घासून झालं की पिना वेगळ्या करायला चुंबक वापरतात, आणि तिथे दुसरा गैरसमज भेटतो. ‘खऱ्या स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही’ असं भांड्याच्या दुकानातही सांगतात. 304 प्रकारचं स्टील मऊ अवस्थेत जवळजवळ अचुंबकीय असतं हे बरोबर. पण त्याची तार थंड अवस्थेत ओढली की आतली अणुरचना काही अंशी मार्टेन्साइट नावाच्या वेगळ्या रचनेत बदलते, आणि मार्टेन्साइट चुंबकाकडे ओढलं जातं. पिना अशाच तारेच्या तुकड्यांपासून बनतात. चुंबकाला चिकटल्या म्हणून दुकानदाराला परत करायला जाऊ नये.