आवडल्यास इतरांना, न आवडल्यास आम्हाला

रामकुंडावर श्राद्धासाठी आलेल्या माणसाला क्षेत्रोपाध्ये आधी गाव विचारतात, मग आडनाव. कापडात बांधलेली लांब वही सुटते, पानं उलटतात आणि पणजोबा कधी आले होते, सोबत कोण कोण होतं, ते त्यांच्याच हातच्या अक्षरात समोर येतं. पाहुण्याने मागे काही लिहून ठेवायची रीत नाशिकला नवी नाही. पण त्या वहीत लिहिणाऱ्याचं नाव, गाव, कूळ आधी येतं.

आज पंचवटीतल्या लॉजवाल्याची किंवा मखमलाबाद रोडवरच्या मिसळवाल्याची झोप उडवणाऱ्या गूगलवरच्या रिव्ह्यूच्या वर बहुतेक वेळा लिहिणाऱ्याच्या फोटोऐवजी एका रंगीत गोलात नुसतं एक अक्षर असतं. वहीपासून ह्या गोलापर्यंत आपण कसे आलो ते पाहिल्याशिवाय खोट्या रिव्ह्यूंचा त्रास नीट कळत नाही.

जुन्या यात्रेकरूची सोय उपाध्यांच्या वाड्यात नाहीतर धर्मशाळेत व्हायची. पुढे एसटी आली, मुंबई-आग्रा रस्त्यावरची वर्दळ वाढली, तशी सीबीएस, शालिमार, पंचवटी ह्या भागांत लॉजिंग-बोर्डिंगं झाली. काउंटरमागे एक पाटी हमखास असायची, काही ठिकाणी अजून आहे: ‘आवडल्यास इतरांना सांगा, न आवडल्यास आम्हाला सांगा.’ त्या पाटीत सगळा व्यवहार येतो. तक्रार आधी गल्ल्यावर यायची. भाजी खारट झाली तर वाटी बदलून मिळायची, नळाला पाणी नसेल तर बादली वर जायची, आणि विषय तिथेच मिटायचा. बदनामी तेव्हाही होत असे, पण ती गावातल्या गावात फिरायची आणि कोणी उठवली ते चार दिवसांत कळायचं.

प्रवाशांच्या रिव्ह्यूंची साइट ट्रिपअ‍ॅडव्हायझर अमेरिकेत २००० साली सुरू झाली. आपल्याकडे २००८ मध्ये फूडीबे नावाने निघालेली साइट २०१० मध्ये झोमॅटो झाली. नाशिकच्या लहान धंद्याला त्या काळात ह्याचा फारसा चटका बसला नाही. खरा फरक पडला तो दोन गोष्टींनी. २०१४ मध्ये गूगलने ‘माय बिझनेस’ म्हणजे धंद्याची माहिती नकाशावर ठेवायची सोय आणली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. डेटा स्वस्त झाला, नकाशा प्रत्येकाच्या खिशात आला, आणि नकाशावरच्या प्रत्येक ठिपक्याखाली पाच चांदण्या आल्या. हा ठिपका मालकाने लावावाच लागतो असं नाही, कोणीही लावू शकतो. त्यामुळे आपल्याला रेटिंग आहे ही बातमी अनेक मालकांना गिऱ्हाइकाने मोबाइल पुढे धरला तेव्हाच कळली.

ह्याच काळात पाहुणाही बदलला. सुला विनयार्ड्सने २००५ मध्ये टेस्टिंग रूम उघडली, गंगापूर धरणाची बाजू शनिवार-रविवारच्या सहलीसाठी प्रसिद्ध झाली, पावसाळ्यात पहिने आणि अंजनेरीला गाड्यांची रांग लागू लागली. मिसळ टपरीतून निघून मळ्यात, लॉनवर, चुलीजवळ गेली. मुंबईहून आलेलं कुटुंब वेटिंगमध्ये तासभर उभं राहतं, रस्सा पुन्हा मागितल्यावर त्याचे पैसे लागले म्हणून चिडतं, आणि कसारा घाट उतरायच्या आत एक स्टार देऊन मोकळं होतं. यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या त्याच दारात येत होता. हा पाहुणा बहुधा परत येणार नाही, म्हणून गल्ल्यावर जाऊन बोलण्याची त्याला गरजही वाटत नाही.

लहान धंद्यालाच हे का झोंबतं, त्याचं गणित साधं आहे. एखाद्या लॉजला ४० रिव्ह्यू आहेत आणि सरासरी ४.५ आहे. एका रात्रीत पाच एक-स्टार पडले की सरासरी ४.१ वर येते. परत ४.५ गाठायला नुसते पाच-स्टारच ३५ लागतात, आणि बारा खोल्यांच्या लॉजला ते मिळायला वर्ष जाऊ शकतं. ४,००० रिव्ह्यू असलेल्या मोठ्या हॉटेलवर तेच पाच पडले तर आकडा ४.५ चा ४.५ राहतो. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातल्या रेस्टॉरंटांवर अभ्यास केला. येल्प ह्या तिथल्या रिव्ह्यूंच्या साइटवर एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढतं, आणि हा परिणाम साखळी हॉटेलांवर नव्हे, तर एकट्यादुकट्या धंद्यांवर दिसतो, असं त्यांना आढळलं.

वाईट रिव्ह्यू म्हणजे अन्यायाचाच, असं मी मुळीच म्हणणार नाही. ओलसर चादर, बंद गीझर, उद्धट मॅनेजर ह्यांबद्दल पाहुण्याने लिहिलंच पाहिजे, आणि अशा रिव्ह्यूंनी नाशिकची कित्येक स्वच्छतागृहं सुधारली आहेत. अन्यायाचे प्रकार निराळे. बिलात सूट दिली नाही म्हणून सूड. शेजारच्या स्पर्धकाने पुतण्या-भाच्यांच्या खात्यांवरून टाकलेले. ‘पैसे पाठवा, नाहीतर आणखी वीस टाकतो’ असा व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा सरळ खंडणीचा मेसेज. २०२३ च्या सुमारास आणखी एक प्रकार आला. घरबसल्या कमाईच्या नावाखाली लोकांना हॉटेलांना रेटिंग द्यायची ‘टास्क’ दिली जायची, थोडे पैसे हातावर टेकवले जायचे आणि मग त्यांनाच लुबाडलं जायचं. त्या फसवणुकीत ज्यांनी स्टार टाकले, त्यांनी ते हॉटेल पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

कायदा इथे आहे, पण लांबच्या वाटेने जातो. १८६० च्या दंडसंहितेतलं बदनामीचं कलम ४९९-५०० आता भारतीय न्याय संहितेत ३५६ झालं, १ जुलै २०२४ पासून. ही गुन्हेगारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये वैध ठरवली. पण गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणून पोलीस स्टेशनला गेल्यावर ‘कोर्टात जा’ हेच उत्तर मिळतं. दिवाणी दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षात लावावा लागतो. शिवाय मत आणि आरोप ह्यांत फरक आहे. ‘रस्सा पांचट होता’ हे मत, त्याला हरकत घेता येत नाही. ‘मिसळीत पाल निघाली’ हे विधान आहे, ते खोटं असेल तर खोटं सिद्ध करता येतं.

मग कंपनीच ते का काढत नाही? २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला शिक्षा देणारं ६६अ कलम रद्द केलं, हे बहुतेकांना आठवतं. त्याच निकालात कलम ७९ चाही अर्थ लावला गेला: मजकूर काढायची कायदेशीर जबाबदारी कंपनीवर येते ती कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावर, नुसत्या तक्रारीवर नाही. अभिव्यक्तीसाठी तो निकाल मोलाचा आहे, मी त्याच्या बाजूनेच आहे. पण बारा खोल्यांच्या मालकाला मात्र त्याचा अर्थ वकिलाची फी असा होतो. ह्याच कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांनी कंपन्यांसाठी तक्रार अधिकारी आणला, २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल असं बंधन घातलं. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने त्यावर अपील समितीची सोय केली, आणि त्याच दुरुस्तीत प्रतिबंधित मजकुराच्या यादीतून ‘बदनामीकारक’ हा शब्द वगळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक काढलं. लिहिणारा खरा आहे का हे तपासण्याच्या पद्धती त्यात दिल्या आहेत, पण ते ऐच्छिक म्हणून आलं.

माझ्या मामांचं पंचवटीत असंच छोटं लॉज आहे. मागच्या श्रावणात एक स्टार पडला: खोलीत ढेकूण, मालक दारू पिऊन शिव्या देतो. मामा माळकरी, चहाही एकादशीला सोडणारे. रात्री दीड वाजता ते मोबाइलवर उत्तर टाइप करत बसले होते, चष्मा कपाळावर, हात थरथरत होते. मी फोन काढून घेतला. सकाळी आम्ही रजिस्टर उघडलं. मुक्कामाला येणाऱ्याचं नाव, पत्ता, ओळखपत्र लॉजवाल्याला लिहून घ्यावंच लागतं, आणि आयत्या वेळी तेच कामाला येतं. त्या आठवड्यात त्या नावाचं कोणीच नव्हतं. मात्र एका रात्री नऊ जण एका खोलीत मागत होते आणि मामांनी नाही म्हटलं होतं, हे रात्रपाळीच्या पोराला आठवलं. तोच माणूस हे सिद्ध होणार नव्हतं, म्हणून ते आम्ही लिहिलं नाही. दुसऱ्याच्या नावाने बुकिंग झालेलं असतं, हेही खरं.

गूगलला कळवलं. धोरणाचा भंग दिसत नाही, असं उत्तर आलं. ग्राहक आणि मालक ह्यांच्यात खरं कोणाचं, हे ठरवण्यात ते पडत नाहीत. अपील केलं, तेही फेटाळलं. शेवटी खाली आम्ही एवढंच लिहिलं: ‘नमस्कार. दिलेल्या नावाची नोंद आमच्याकडे सापडली नाही. आपण राहिला असाल तर तारीख आणि बिल क्रमांक कळवा, मी स्वतः फोन करतो. ढेकणांसाठी दर महिन्याला फवारणी होते, तिची पावती काउंटरवर पाहायला मिळेल.’ पाहुण्याची माहिती जाहीर केली नाही, दारूबद्दल अवाक्षर काढलं नाही. उत्तर आलं नाही, रिव्ह्यू अजून तिथेच आहे. पण फोनवर खोली विचारणारे आता ‘ते पावतीचं उत्तर वाचलं’ म्हणून हसतात.

आता सिंहस्थ जवळ आला आहे. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. गर्दीत पाणी कमी पडणार, रस्ते बंद राहणार, गाडी लॉजपर्यंत येणार नाही, आणि त्याचा राग बऱ्याचदा लॉजच्या ठिपक्याखालीच उतरणार. मामांनी नवं रजिस्टर छापून घेतलं आहे. नाव, गाव, येण्या-जाण्याची वेळ ह्यांच्यापुढे ह्या वेळी एक रकाना जास्त आहे: ‘तक्रार’. त्याच्या शेजारी दुसरा, छोटा: ‘किती वाजता मिटली’.