घरात तेलुगु बोलल्याने मुलाचं मराठी कच्चं राहत नाही

सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगु बोलणाऱ्या पालकांना हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, ‘घरात तेलुगु बंद करा, नाहीतर पोराला धड मराठी येणार नाही की इंग्रजी.’ अक्कलकोटकडे हेच कन्नडबद्दल ऐकू येतं. हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी आजी-नातवंडांचं बोलणं तुटतं याचं फार वाईट वाटतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही अभ्यासांत दोन भाषा बोलणारी मुलं मागे दिसली होती खरी. पण तिथे बऱ्याचदा गरीब स्थलांतरितांच्या मुलांची तुलना सुस्थितीतल्या एकभाषी मुलांशी केलेली होती. १९६२ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या अभ्यासात पील आणि लॅम्बर्ट या संशोधकांनी सारख्या आर्थिक थरातली मुलं घेतली, तेव्हा दोन भाषांची मुलं बुद्धीच्या चाचण्यांत पुढे निघाली.

आई विड्या वळता वळता तेलुगुत विचारते, २५ विड्यांचा एक कट्टा, तर १००० विड्यांचे किती? मूल मनात हिशेब करून ४० सांगतं. भागाकार त्याला कळलेला आहे. शाळेत त्यासाठीचे मराठी शब्द तेवढे शिकायचे उरतात.

एका वाक्यात दोन भाषा मिसळणं हाही दोष नव्हे. मराठी पक्कं व्हायला मराठीतून भरपूर ऐकणं, बोलणं, वाचणं लागतं. त्यासाठी तेलुगु सोडावी लागत नाही. मात्र मूल घरच्या भाषेतही फार उशिरा बोलत असेल, तर आधी कान तपासून घ्या.