वर्गणी कुठली आणि नाल कुठली

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका मंडळाचा मी सात वर्षं खजिनदार होतो. पावत्या फाडायचं काम माझं, आणि त्यावरून शिव्या खायचंही माझंच. या सात वर्षांत मला एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारला गेला. सगळ्यात रोखठोक विचारला तो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं. पन्नासची नोट हातात तशीच धरून तो म्हणाला, "खजिनदार, तुम्ही पण पैसे गोळा करताय, ते पलीकडचे क्लबवाले पण करत्यात. बोर्ड तुमच्याकडं पण हाय, त्यांच्याकडं पण हाय. मग पोलिसांची गाडी त्यांच्याच दारात का?"

तेव्हा मी हसून पावती फाडली आणि पुढं सरकलो. उत्तर सोपं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तोवर मलाही ते नीट ठाऊक नव्हतं.

पलीकडचं दार सगळ्यांना माहीत होतं. वर पाटी: अमुक क्रीडा, सांस्कृतिक व सामाजिक मंडळ, खाली रजिस्ट्रेशन नंबर. पुढच्या खोलीत कॅरम बोर्ड, त्यावर वर्षाची धूळ. भिंतीवर प्रजासत्ताक दिनाच्या रक्तदान शिबिराचा फोटो. शटर कायम अर्धं खाली, आत जायला वाकावं लागायचं. मागच्या खोलीत पत्त्यांच्या जुगाराची पाच टेबलं.

वर्गणी सगळ्यांना कळते. गणपतीला, शिवजयंतीला, तालमीच्या कौलांना, फुटबॉल संघाच्या बुटांना. देणाऱ्याला त्या बदल्यात काही मिळत नाही; फार तर महाप्रसादाला पहिल्या पंगतीत पान मिळतं आणि मंडळाच्या फळ्यावर नाव लागतं. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आंबेवाडी-चिखलीकडची माणसं शहरात आली, तेव्हा पेठापेठांतल्या तालमींत चुली पेटल्या. आमच्या हॉलमध्ये चार दिवस भात शिजत होता. तांदूळ कुणी दिला, गॅस सिलिंडर कुणाच्या घरचा, हे सगळं मी शंभरपानी वहीत लिहून ठेवलं होतं. पावसानं पानं फुगली, शाई पसरली, पण वही आहे. वर्गणीच्या पैशाला असा माग असतो: कुणाकडून आला, कशावर गेला.

नाल हा शब्द मात्र बऱ्याच जणांना घोड्यापुरताच ठाऊक. पत्त्यांच्या अड्ड्यावर नाल म्हणजे जागा चालवणाऱ्याचा कट. प्रत्येक डावाला मधे जो गल्ला जमतो, त्यातून तो आधी आपला वाटा उचलतो. कोण जिंकलं, कोण हरलं, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

हे एकदा मी जवळून पाहिलंय. आमच्या मंडळाचा एक पोरगा तिथं अडकला होता, त्याला घरी न्यायला मी शटरखालून वाकून आत गेलो होतो. टेबलाशेजारी सतरा-अठरा वर्षांचा मुलगा उभा. डाव संपला की जिंकणाऱ्यानं पैसे ओढायच्या आत त्याचा हात पुढं यायचा, त्यातल्या नोटा उचलायचा आणि पत्र्याच्या डब्याच्या फटीत सारायचा. कुणी मान वर करत नव्हतं, इतकी ती सवयीची गोष्ट. डब्यावर लाल रंगात लिहिलेलं: 'गरजू विद्यार्थी साहाय्य निधी'.

आता जरा हिशेब मांडू, खजिनदाराची खोड. समजा एका डावाचा गल्ला 500 रुपये आणि नाल शेकडा पाच, म्हणजे डावाला 25 रुपये. तीन पानीचा डाव तीन मिनिटांत उरकतो, तासाला वीस डाव, म्हणजे एका टेबलाचे 500. पाच टेबलांचे अडीच हजार. आठ तास खेळ चालला तर दिवसाला वीस हजार आणि महिन्याला सहा लाख. यातून जूनमध्ये पाच हजारांच्या वह्या वाटल्या, फोटो काढला, तो भिंतीवर लावला. बाकीचे पैसे कुठल्या वहीत लिहिले जातात हे विचारणारा कुणी नव्हता, कारण आत बसलेल्या प्रत्येकाला आपलं हरलेलं परत मिळवायचं होतं.

फरक कायद्यातही याच जागी आहे, आणि कायदा जुना आहे: 1887 चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा, जो आता महाराष्ट्राच्या नावानं ओळखला जातो. त्यात 'जुगाराचा अड्डा' कशाला म्हणायचं हे ठरवताना दारावरची पाटी बघितलेली नाही. जागा चालवणाऱ्याच्या नफ्यासाठी तिथं जुगाराची साधनं ठेवली किंवा वापरली जातात का, एवढंच बघितलंय. तो नफा जागेच्या भाड्यातून घेतला, पत्त्यांच्या जोडाच्या आकारातून घेतला किंवा आणखी कशातून, तरी तो नफाच. म्हणजे नाल हा शब्द न वापरता कायद्यानं नालेचीच व्याख्या केली आहे.

क्लबवाले यावर दोन पत्ते टाकतात. पहिला पत्ता नोंदणीचा. "आमची संस्था धर्मादायला नोंदलेली आहे." असेल. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात धर्मादाय हेतूंमध्ये गरिबी निवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत यांच्या जोडीला समाजकल्याणासाठी करमणुकीची आणि फावल्या वेळाची सोय हाही हेतू धरलेला आहे. आपल्या तालमी, वाचनालयं, क्रीडा मंडळं याच दारातून आत आली, आणि ते योग्यच झालं. पण त्याच दारातून पाच टेबलंही आत येतात. नोंदणी म्हणजे संस्था अस्तित्वात आहे एवढाच दाखला. आत काय चालतं त्याची हमी ती देत नाही. माझ्या ड्रायव्हिंग लायसन्सवरून मी दारू पिऊन गाडी चालवतो की नाही हे कळत नाही, तसंच.

दुसरा पत्ता रमीचा, आणि तो जरा वजनदार आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला 1887 चा कायदा लागू होत नाही. साठच्या दशकात सिकंदराबादच्या एका क्लबचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. न्यायालयानं म्हटलं की रमीत पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, काय धरायचं आणि काय टाकायचं याला डोकं लागतं, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ. तीन पानी मात्र निव्वळ नशिबाची, हेही त्याच निकालात आहे. क्लबवाले इथवरच वाचून दाखवतात. पुढं लिहिलंय की पैसे लावून चाललेल्या रमीतून किंवा दुसऱ्या कुठल्या खेळातून क्लब वा मालक स्वतः नफा कमावत असेल, तर गुन्हा शाबीत होऊ शकतो. (मोबाईलवरच्या रमीची गोष्ट आता वेगळी. 2025 च्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावायचे ऑनलाइन खेळ चालवायलाच बंदी घातली, कौशल्य असो की नशीब.)

खरी गल्लत होते ती मधल्या जागेत. निवृत्त मास्तर, बँकेतले साहेब, असे दहा-बारा सभासद संध्याकाळी जमतात, रमी खेळतात, क्लब पत्त्यांच्या जोडाचे आणि चहाचे ठरावीक पैसे घेतो. हाही अड्डाच का? नाही. असा वाजवी आकार क्लबमध्ये असतोच, हे त्याच निकालानं मान्य केलंय. मी स्वतः एक साधी गोष्ट बघतो: डाव मोठा झाला की क्लबचे पैसे वाढतात का? मास्तरांनी दहा पैसे पॉइंटनं खेळलं काय किंवा शंभर रुपयांनी, चहाचे दहा रुपये दहाच राहिले तर तो आकार. गल्ला फुगला की क्लबचा वाटाही फुगत असेल तर ती नाल, मग तिला 'सेवाशुल्क' म्हणा, 'टोकन चार्ज' म्हणा किंवा 'विकास निधी'.

सोडतीचं मात्र असं पाखडता येत नाही, आणि इथं प्रामाणिक मंडळंही घसरतात. आमच्याच बैठकीत एकदा ठराव आला होता: फुटबॉल स्पर्धेच्या खर्चासाठी शंभर रुपयांची देणगी कुपनं काढायची, शेवटच्या सामन्याला शाहू स्टेडियमवर भाग्यवान सोडत, पहिलं बक्षीस मोटारसायकल. पोरं खूश. कुपनावर 'ही ऐच्छिक देणगी आहे' असं छापलं की झालं, असा सगळ्यांचा समज. पेठेतल्याच एका वकील काकांनी नमुना हातात घेतला, चष्मा वर केला आणि विचारलं, "मोटारसायकल काढून टाका. मग किती कुपनं खपतील सांगा बघू?"

कुणी बोललं नाही.

शंभर रुपये देणारा स्टेडियमच्या गवतासाठी देत नव्हता, गाडीच्या आशेनं देत होता. पैसे दिले, चिठ्ठी निघाली, नशिबानं बक्षीस: ही लॉटरी, कुपनावर काहीही छापा. आणि राज्याची नसलेली, राज्याची मंजुरी नसलेली लॉटरी चालवायला जागा ठेवणं हा आधी भारतीय दंड संहितेत गुन्हा होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 297 खाली आहे. जमलेला प्रत्येक रुपया सीपीआर या सरकारी दवाखान्यातल्या रुग्णांना दिला तरी सोडत कायदेशीर होत नाही. हे मला तेव्हा जाचक वाटलं होतं. आता वाटत नाही.

सरकार स्वतः मात्र लॉटरी काढतं, 1969 पासून. यावर हसायला हरकत नाही, मीही हसतो. पण 1998 च्या केंद्रीय कायद्यानं तिथं निदान कुंपण घातलंय. तिकीट राज्यानं छापायचं, सोडत राज्यानं काढायची, पैसा राज्याच्या खात्यात जमा व्हायचा, आणि एका आकड्यावर बक्षीस द्यायचं नाही. ही शेवटची अट मटका डोळ्यांसमोर ठेवूनच आली असणार; ओपन आणि क्लोज म्हणजे एकेक आकडाच. मटक्याबद्दल एक मात्र कबूल करायला हवं. तो समाजसेवेचा सदरा घालत नाही. चिठ्ठी देणाऱ्यानं 'तुमच्या पैशातून वह्या वाटतो' असं कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

दुकानदाराच्या प्रश्नाचा अर्धा भाग अजून राहिलाच. पोलिसांची गाडी त्यांच्या दारात का, आणि थांबून परत का जाते? अशा जागा वर्षानुवर्षं चालतात तेव्हा नाल एकट्या मालकाच्या घरी जात नाही. त्यातून हप्ता निघतो. आणि हप्त्यालाही हल्ली देणगीचा सदरा आवडतो. 'साहेबांच्या ओळखीची संस्था आहे, तिथं काहीतरी द्या', 'अमुक कार्यक्रमाचे प्रायोजक व्हा'. रोख कुणाच्या हातात दिलीच नाही, संस्थेची पावती मिळाली, मग लाच कुठली?

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा याला भुलत नाही. लोकसेवकानं गैरफायदा स्वतःसाठी मागितला काय किंवा दुसऱ्या कुणासाठी, थेट घेतला काय किंवा तिसऱ्याच्या हातून, गुन्हा तोच. 2018 च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवलं तरच सुटका. आपल्या राज्याला हा धडा जुना आहे. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या पुढाकारानं निघालेल्या प्रतिष्ठानाला बांधकाम व्यावसायिकांनी दिलेल्या देणग्या आणि तेव्हा सरकारी परमिटवर मिळणाऱ्या सिमेंटचा कोटा यांची सांगड मुंबई उच्च न्यायालयानं घातली, आणि जानेवारी 1982 मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. फौजदारी खटला पुढं कित्येक वर्षं रेंगाळला, शिक्षा झाली नाही. पण देणगी आणि सिमेंट हे शब्द जोडीनं उच्चारले की त्या पिढीच्या माणसाला अजून तेच आठवतं. तिथंही वकील काकांचाच प्रश्न विचारायचा: मोटारसायकलच्या जागी सिमेंटचं परमिट ठेवा आणि ते काढून टाका. मग किती देणगी आली असती?

पाटी बघून काही कळत नाही म्हटल्यावर वही बघावी. नोंदलेल्या संस्थेला हिशेब तपासून घेऊन धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात, आणि तिथं अर्ज करून त्याची नक्कल कुणालाही मागता येते. 'विद्यार्थी साहाय्य निधी' या नावाखाली वर्षाला किती जमा दाखवलेत ते वाचा, आणि मग एका संध्याकाळी त्या शटरसमोर किती मोटारसायकली उभ्या आहेत ते मोजा.

माझ्या खजिनदारकीच्या शेवटच्या वर्षी गणपतीत एक माणूस मंडपात आला. पलीकडच्या क्लबातला, चेहरा ओळखीचा. महाप्रसादासाठी अकरा हजार रोख काढले आणि टेबलावर ठेवले. मी पुस्तक उघडलं, पेन काढलं, नाव विचारलं. "नाव कशाला? 'एक सद्गृहस्थ' लिहा की," तो म्हणाला. फळ्यावर असे सद्गृहस्थ आमच्याकडंही बरेच होते, पण त्यांची नावं मला माहीत होती. मी पेन खाली ठेवलं. त्यानं थोडा वेळ वाट बघितली, पैसे उचलले, गणपतीला हात जोडले आणि गेला. अध्यक्ष माझ्यावर आठवडाभर भडकलेले होते, कारण बुंदीचे पैसे त्यांनाच खिशातून घालावे लागले. अर्धवट तारीख लिहिलेली ती पावती मी स्थळप्रतीसकट आडवी रेघ मारून रद्द केली. ऑडिटर त्या पानावर थांबला, तेव्हा अध्यक्षच म्हणाले, "विचारू नका, लई महागात पडलीय ती."