सुताराच्या हाताची गिटार

लातूर-बीडकडे कोणी घरच्या पत्र्याच्या शेडमध्ये गिटार घडवायला घेतली, की वाद्याचे काम मिरजेच्या कारागिरांचे, ते सुताराच्या रंध्या-पटाशीने कसे जमणार, असे कोणीतरी विचारतेच. जर्मनीतील मार्कनॉयकिर्शेन येथे सुमारे दोनशे वर्षांपूर्वी हाच वाद पेटला होता. गिटार करणारे तेथे फर्निचर करणाऱ्या सुतारांच्या संघात मोडत आणि वाद्ये घडवण्याचा हक्क फक्त आपलाच, असा व्हायोलिन घडवणाऱ्यांचा दावा होता. त्याच गावचा गिटार-कारागीर ख्रिस्टियन फ्रेडरिक मार्टिन १८३३ मध्ये न्यूयॉर्कला गेला. तबलीच्या, म्हणजे गिटारीच्या पुढच्या पातळ फळीच्या, आतून फुलीसारख्या पट्ट्या चिकटवण्याची रीत अमेरिकेत १८४०च्या दशकात त्याच्या व इतरांच्या कामात दिसू लागली. तेव्हा तारा तातीच्या, म्हणजे जनावरांच्या आतड्याच्या, होत्या, पण पुढे पोलादी तारांचा सुमारे ७० किलोंचा ताण याच फुलीने पेलला.

स्पेनचा आन्तोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) हाही मूळचा सुतारच. आल्मेरियात चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान सांभाळून उरलेल्या वेळात तो गिटार करी. त्याआधी १८६२ मध्ये त्याने एका गिटारीची पाठ आणि कुशी कागदी लगद्याच्या केल्या. आवाज तबलीत असतो, हे त्याला दाखवायचे होते. महाग लाकडामागे धावणाऱ्या नवशिक्यांनी ही गिटार ध्यानात ठेवावी, असे मला वाटते.

पाठीसाठी ब्राझीलचे रोझवूड दुर्मीळ झाल्यावर त्याच मार्टिनने सुरू केलेली कंपनी १९६९ मध्ये भारतीय शिसवीकडे वळली. ज्या शिसवीचे पलंग आणि कपाटे आपल्या जुन्या घरांत आहेत, तीच ही. तबलीला मात्र बहुधा थंड प्रदेशातला स्प्रूस (एक सूचिपर्णी झाड) लागतो. तो बाहेरूनच मागवावा लागतो.

मराठवाड्यात खरी अडचण हवेची आहे. पट्ट्या चिकटवताना हवेतील आर्द्रता ४० ते ५० टक्के असावी, असे कारागीर मानतात. आमच्याकडे मे महिन्यातील दुपारी ती २० टक्क्यांच्या आसपास उतरते. मी पहिली तबली श्रावणात सरस लावून बसवली, तेव्हा शेजारच्या सुतारकाकांनी बोटाने टकटक करून, लाकूड अजून पाणी धरून आहे, असे सांगितले होते. एप्रिलमध्ये घोडीपासून, म्हणजे तबलीवर तारा अडकवायच्या पट्टीपासून, खालच्या कडेपर्यंत, लाकडाच्या रेषेला धरून, केसाएवढी चीर गेली.